पानं किती धरायची?

मुहूर्ताला आठ दिवस उरले की केटररचा फोन येतो, "पानं किती धरायची?" या एका प्रश्नाला घरात तीन उत्तरं असतात. वधूपिता साडेतीनशे म्हणतात, आत्याच्या मते चारशेच्या खाली निभणारच नाही आणि नवरीच्या लॅपटॉपवरची एक्सेल शीट 312 वर अडकलेली असते. आकडा कमी सांगितला तर पंगतीत नाचक्की, जास्त सांगितला तर न वाढलेल्या पानांचेही पैसे, कारण बहुतेक केटरर किमान आकडा आधीच ठरवून घेतात. लग्नघरातला ताण हलका करणारं ॲप बनवायचं असेल, तर सुरुवात या फोनपासून करायला हवी.

अशी ॲप बाजारात नाहीत असं नाही. अमेरिकेत ‘द नॉट’ 1996 पासून आहे, ‘झोला’ 2013 मध्ये आलं, आपल्याकडे ‘वेडमीगुड’ 2014 मध्ये सुरू झालं. त्यांनी मोठी सोय केली आहे. फोटोग्राफरचं काम, मेकअपचे दर, कार्यालयाचे फोटो घरबसल्या बघता येतात. पण आपल्याकडच्या अशा ॲपचा भर व्यावसायिक शोधून देण्यावर असतो आणि उत्पन्नही मुख्यतः त्यांच्याकडूनच येतं. घरातल्या माणसांचं आपसात काय ठरलं, याला तिथे फारशी जागा नसते. मराठी लग्नात खरी दमछाक होते ती तिथेच.

पाहुण्यांची यादीच घ्या. अमेरिकी पद्धतीत निमंत्रणासोबत उत्तराचं कार्ड जातं. येणार की नाही, एवढंच नव्हे तर जेवणात काय हवं, हेही पाहुणा कळवतो. आपल्याकडे पत्रिका ‘सहकुटुंब सहपरिवार’ जाते आणि शुभकार्याला तोंडावर नाही म्हणणं कोणालाच बरं वाटत नाही. "बघतो, नक्की जमवतो" या उत्तराचं काय करायचं, हे ‘येणार’ आणि ‘नाही’ अशा दोन बटणांच्या स्क्रीनला कळत नाही. म्हणून या ॲपमध्ये मोजणी माणशी न ठेवता घरटी ठेवावी. नाशिकच्या काकांचं घर: माणसं सहा, सीमांतपूजनाला दोन, लग्नाला चार ते सहा, मुक्काम एक रात्र. हे रकाने पाहुण्याने भरायचे नाहीत. त्या घराची खडान्‌खडा माहिती असलेल्या आत्याने भरायचे. अशा सगळ्या घरांची किमान आणि कमाल बेरीज समोर आली, की केटररशी बोलताना हातात आधार असतो.

त्याच ओळीत आणखी दोन खुणा हव्यात: पत्रिका पोचली का, आणि फोन कोणी केला. "आम्हाला नुसतं व्हॉट्सॲपवर बोलावलं" ही तक्रार वर्षानुवर्षं पुरते. पन्नास घरं चार जणांत वाटून दिली आणि कोणाचा फोन राहिला हे वेळीच दिसलं, तर असे कितीतरी रुसवे टळतील.

डोक्यावरचं ओझं कशाने उतरतं, यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. अर्धवट राहिलेली कामं मनात घोळत राहतात, हे ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडलं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी 2011 मध्ये त्यात मोलाची भर घातली. काम पूर्ण झालेलं नसलं, तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की त्याची टोचणी कमी होते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. ॲप बनवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. ‘सनईवाला बघणे’ अशी नोंद ॲपने स्वीकारूच नये. ‘दादाने गुरुवारी सकाळी सनईवाल्याला फोन करून इसारा द्यायचा’ इतकं नेमकं झाल्यावरच ती ओळ यादीत जावी. आणि आठवण फक्त दादाला जावी, सगळ्या घराला नव्हे. दिवसभर टिणटिणणारं ॲप ताण कमी करत नाही, वाढवतं.

दोन घरांमधल्या व्यवहाराची रीत आपल्याकडे जुनीच आहे. बैठकीत वडीलधारे बसतात आणि कार्यालय कोणाचं, जेवण कोणाचं, बँडचा खर्च कोण उचलणार, हे कागदावर उतरतं. ॲपने याच कागदाचं रूप घ्यावं: आमचं, तुमचं आणि सामाईक. सामाईक भागात बदल झाला तर तो दोन्हीकडे दिसावा, कोणी आणि कधी केला यासह. स्वतःच्या खर्चाचा भाग मात्र समोरच्या घराला दिसू नये. आणि मुलीकडच्यांकडे करायच्या मागण्या लिहायला तिथे एकही रकाना नसावा. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून आहे. वर-वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवावी, त्यात वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि असल्यास नातं लिहावं, असं 1985 चे नियम सांगतात. आहेराची वही घराघरात असतेच. ॲपने तीच या नियमांत बसेल अशी करून दिली, तर मोठं काम होईल.

वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मोजत यावं. मंगलाष्टकं 12 वाजून 27 मिनिटांनी संपून अक्षता पडायच्या, तर नवरी गौरीहराला कधी बसणार आणि त्याआधी मेकअप कधी आटपणार, हे ॲपने सांगावं. पंचांगही त्याला ठाऊक हवं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन हंगामातल्या तारखांची ओढाताण होणार, हे कार्यालय शोधायच्या आधीच कळायला हवं.

काका-काकूंना नवीन ॲप उतरवून घ्यायला लावू नये. त्यांना व्हॉट्सॲपवरच्या लिंकमधून मराठीत, मोठ्या अक्षरात आपापली कामं दिसावीत. इथे सावधगिरीही हवी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली ‘एपीके’ फाइल पाठवून फोनमधून पैसे आणि माहिती लुटण्याचे प्रकार घडले असून, 2024 मध्ये हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी त्याबद्दल इशारा दिला होता. त्यामुळे पत्रिका चित्र म्हणूनच जावी आणि "आम्ही कधीही फाइल उतरवायला सांगत नाही" ही ओळ तिच्याखाली असावी.

शेवटचं काम बहुतेकांच्या यादीतून निसटतं, ते विवाह नोंदणीचं. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखालच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही लागते. नव्वद दिवसांची मुदत संपत आल्यावर गुरुजींना शोधत हिंडण्यापेक्षा, दक्षिणा देतानाच सही आणि ओळखपत्राची प्रत घ्यायची आठवण ॲपने करावी. नोंदणीचा दाखला हाती आला, की दोन्ही घरांना विचारून पाहुण्यांचे फोन नंबर कायमचे पुसून टाकण्याची सोयही त्यातच असावी.