प्रसिद्धीचे शास्त्र आपल्या हाती हवे

इंद्रलोक हे नावच मुळात एक जाहिरात आहे. खाडी आणि मिठागरांच्या या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या आणि भाईंदर पूर्वेच्या या वस्तीला देवांच्या राजाचे नाव मिळाले. नाव स्वर्गाचे, पाणी मात्र स्टेम आणि एमआयडीसीचे, तेही मोजून! तरीही नाव खपले, घरे खपली. बिल्डरने जाहिरातीत खोटे सांगितले तर आता २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १२ घर घेणाऱ्याच्या मदतीला येते. परंतु पुस्तके, चित्रपट, मालिका आणि नटनट्या यांची प्रसिद्धी करणारा जो वर्ग आहे, त्याच्याकडे आपल्या चळवळीने अजून गांभीर्याने पाहिलेले नाही.

अंधेरी-गोरेगावचे भाडे परवडत नाही म्हणून चित्रपट-मालिकांच्या धंद्यातली बरीच माणसे मिरा-भाईंदरला राहतात. लाइटमन, मेकअपमन, ज्युनिअर आर्टिस्ट यांच्याबरोबर प्रसिद्धीच्या कामात राबणारी शिकलेली पोरेही त्यांत आहेत. त्यांत आपल्या समाजाचीही आहेत. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याला या धंद्यात पीआरओ म्हणतात. प्रेस नोट लिहिणे, छायाचित्रे पाठवणे, पत्रकारांच्या मागे लागून मुलाखतीच्या वेळा ठरवणे, आधी पोस्टर, मग टीझर, मग गाणे, मग ट्रेलर असा क्रम लावून लोकांच्या तोंडी नाव ठेवणे, हे त्याचे काम. प्रकाशकाकडे हेच काम निराळ्या रूपात असते. परीक्षणासाठी प्रती पाठवायच्या, प्रकाशन समारंभ घडवायचा, ग्रंथालयांच्या खरेदीच्या याद्यांत पुस्तक जाईल हे पाहायचे. मनोरंजनाच्या पानावर आपण जे बातमी म्हणून वाचतो, त्यातले बरेचसे कोणीतरी लिहून पाठवलेले असते. टाइम्स समूहाने २००३ साली मीडियानेट सुरू करून पुरवण्यांतील अशा जागेचा उघड व्यवहार मांडला. पुढे निवडणुकांच्या बातम्याही विकल्या गेल्या आणि २०१० साली प्रेस कौन्सिलला पेड न्यूजवर अहवाल काढावा लागला. म्हणजे कोणते पुस्तक वाचायचे, कोणता चित्रपट पाहायचा, हे आपल्या आधी कोणीतरी ठरवत असते. तो कोणीतरी कोण, हाच आमचा प्रश्न आहे.

आपल्यातले काही विचारवंत म्हणतात, प्रसिद्धी हा नटव्यांचा उद्योग, चळवळीने त्याच्या नादी लागू नये. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा एकदा चाळावे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पत्र निघत आहे ही नुसती जाहिरात, तीही पैसे घेऊन छापायला ‘केसरी’ने नकार दिला. बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढे स्वतः नमूद करून ठेवली आहे. पैसे हातात असूनही बोलायला जागा मिळत नाही, हा बहिष्काराचा एक प्रकार होता. पाणवठ्यावरचा बहिष्कार डोळ्यांना दिसतो, रकान्यातला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बोलावलेले भाषण रद्द केले. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिताना आठ आण्यांची किंमत जास्त आहे, ती दोन किंवा निदान चार आणे करावी, असे सुचवले. बाबासाहेबांना त्या लिखाणात प्रसिद्धीच्या हव्यासाचा आरोपही दिसला. त्यांनी उत्तरात सांगितले की, भाषण छापण्यामागे हिंदूंना विचार करायला लावणे हा हेतू होता आणि प्रसिद्धी त्यांच्याकडे हवी त्याहून जास्तच होती. पण घटकाभर प्रसिद्धीचा हेतू मानला, तरी स्वतः काचेच्या घरात राहणाऱ्यांनी दगड मारू नयेत, हेही त्यांनी बजावले. वर्तमानपत्र चालवणाऱ्या महात्म्याला प्रसिद्धी माफ आणि अस्पृश्यांच्या पुढाऱ्याला मात्र ती लाजिरवाणी, हा दुटप्पीपणा त्यांनी तिथेच मोडून काढला.

तिसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या बरोबर महिनाभर आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ छापून होत आला होता, छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात जात होता. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकारने पाचशे प्रती घेऊन ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात, एवढीच विनंती. नेहरूंनी निधी संपल्याचे कळवले, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे धाडले आणि त्या काळात पुस्तक दिल्लीत विक्रीला ठेवता येईल असे सुचवले. समितीकडूनही नकारच आला. संविधान लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या ग्रंथाचा प्रसार करण्यासाठी हात पसरावा लागला! ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बाहेर आला. तो आज घराघरांत आहे तो सरकारी खरेदीमुळे नव्हे. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर जमिनीवर पथारी पसरून पुस्तके विकणाऱ्या आपल्या माणसांनी, जलशांनी आणि शाहिरांनी तो पोचवला. आपले खरे पीआरओ ते होते.

पण पथाऱ्यांवर आणि जलशांवर भागण्याचे दिवस आता गेले. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट आठवा. सरकारी पैशातून झालेला, मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. २००० साली तो प्रदर्शित झाला, पण किती गावांत लागला? किती चौकांत त्याची पोस्टर्स लागली? तमिळ आवृत्तीसाठी तर मद्रास उच्च न्यायालयात एका वकिलाला जावे लागले आणि ती डिसेंबर २०१० मध्ये, दहा वर्षांनी, चित्रगृहात आली. चित्रपट तयार करण्यासाठी पैसा निघाला, लोकांना सांगण्यासाठी निघाला नाही. याच्या उलट ‘सैराट’ पाहा. २०१६ साली चित्रपटाच्या आधी त्याची गाणी गावोगाव पोचली होती. विषय जातीचाच, रक्ताचाच. फरक पडला तो कलाकृतीच्या ताकदीला मिळालेल्या शिस्तबद्ध प्रसिद्धीने.

ग्रंथांचेही तेच. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढले. ग्रंथाली ही वाचक चळवळ होती, पुस्तक वाचकाच्या दारी नेणे हेच तिचे ब्रीद होते. आपल्या कितीतरी लेखकांची आत्मकथने तेवढ्याच ताकदीची असून गोदामात वाळवी खात पडली, कारण त्यांना कोणी दारोदार नेले नाही. एका बातमीचे बळ काय असते तेही पाहा. शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे’ खंडांची छपाई रखडली असता डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘लोकसत्ता’तील बातमीची स्वतःहून दखल घेतली. नुसत्या निवेदनांवर आणि मोर्चांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

प्रसिद्धी म्हणजे खोटेपणा आलाच, असा आक्षेप उरतो. तो रास्त आहे. औरंगाबादच्या एका महिला प्रेक्षकाने ‘फॅन’ चित्रपटाच्या प्रसिद्धीत दाखवलेले गाणे चित्रपटात नाही म्हणून ग्राहक न्यायालयात दाद मागितली. राज्य आयोगाने दहा हजारांची भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम केली. परंतु २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ट्रेलर म्हणजे करार किंवा वचन नव्हे, असे न्यायालय म्हणाले. वस्तूंच्या फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पण ट्रेलरमधल्या गाण्यासाठी तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला कायद्याचा हात तोकडाच पडतो. तिथे शील लागते.

ते शील आपल्याकडे आहे. राजगृहात एका श्रेष्ठीने उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीच्या बळावर आकाशातून जाऊन काढले. लोकांनी जयजयकार केला. तथागतांनी मात्र त्याची कानउघाडणी केली आणि चमत्काराचे प्रदर्शन भिक्खूंना वर्ज्य केले. त्याच तथागतांनी सारनाथला साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठवले होते, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगून. प्रसार हवा, तमाशा नको. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, या आणि स्वतः पाहा. चांगल्या प्रसिद्धीची याहून सोपी व्याख्या आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. या धंद्यातल्या आपल्या मुलामुलींनी तो लाजून करू नये आणि फुकटही करू नये. तोंडी करार कायद्याने वैध असला तरी सिद्ध करताना नाकी नऊ येतात. कामाचे स्वरूप, रक्कम आणि तारीख निदान मेलवर लेखी घ्या. मेहनताना थकला तर वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांचीच मुदत असते, ती हातची घालवू नका. नोकरीत नसताना स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो आणि तो हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रपटांचे ढोल वाजवल्यावर आठवड्यातला एक तास आपल्या पुस्तकासाठी काढा. विहारांच्या समित्यांनी वर्षाला एक पुस्तक निवडावे. त्याची चार ओळींची नेटकी टिपणी सर्व दैनिकांना जावी, दहा संपादकांना प्रती जाव्यात, तालुक्याच्या ग्रंथालयात मागणीचा अर्ज पडावा. जयंतीच्या डीजेवर उडणाऱ्या पैशाचा लहानसा हिस्साही याला पुरेल. शंभर वर्षांपूर्वी आपली जाहिरात पैसे देऊनही कोणी छापत नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये छापखाना आहे. आता गप्प राहिलो, तर दोष ‘केसरी’ला देता येणार नाही.