परत आणलेली डिस्क कां चालत नाहीं ?

कचेरीचे हिशेब ज्या संगणकांत असतात, तो संगणक आज बहुधा स्वतंत्र पेटीच्या रूपानें अस्तित्वांतच नसतो. एका मोठ्या यंत्राच्या पोटांत असे दहावीस संगणक केवळ आज्ञावलीच्या बळावर नांदत असतात. त्यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना नवी नव्हे. आय्. बी. एम्. कंपनीनें १९७२ सालीं व्ही. एम्./३७० या नांवानें ती बाजारांत आणली होती, आणि १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें पुढें ती मेजावरील साध्या संगणकांवर उतरविली. अशा यंत्राची डिस्क म्हणजे दुसरेंतिसरें कांहीं नसून एक भलीमोठी फाइल होय. तिची नक्कल ठेवतां येते, आणि प्रसंगीं ती परत आणून त्याच यंत्रास जोडतां येते. येथवर सारें सोपें वाटतें. परंतु परत आणलेली डिस्क कित्येकदां यंत्रास मानवत नाहीं, आणि तिकडे दुसऱ्या दिवशीं पगार वांटावयाचा असतो.

अशा वेळीं पहिली चूक घाईची. बिघडलेल्या डिस्कवरच जुनी नक्कल चढविली, कीं मूळची कायमची गेली; आणि रात्रीं घेतलेल्या नकलेनंतर दिवसभरांत झालेल्या नोंदीही तिच्याबरोबर गेल्या. बिघडलेल्या डिस्कमधूनही पुष्कळदां कांहीं हातीं लागतें. म्हणून जाणता मनुष्य परत आणलेली डिस्क निराळ्या नांवानें ठेवतो आणि जुनीस हात लावीत नाहीं. जागा किती लागेल हेंही तो आधींच पाहतो. एरवीं ४० गिगाबाइट जागा व्यापणारी ‘पातळ’ डिस्क ‘जाड’ स्वरूपांत परत आणली, म्हणजे तिला आपलें ठरीव माप, समजा २०० गिगाबाइट, पुरेंच्या पुरें लागतें.

खरी गुंतागुंत आहे ती स्नॅपशॉटची. स्नॅपशॉट घेतला म्हणजे डिस्कची नक्कल निघते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मूळ डिस्क त्या क्षणीं गोठविली जाते आणि पुढील बदल एका पुरवणी फाइलींत लिहिले जातात. मूळ ग्रंथास न शिवतां शुद्धिपत्र वाढवीत जावें, तसेंच हें. शुद्धिपत्रांत ‘पान १२, ओळ ७’ असें लिहिलेलें असतें. आतां त्याच्याखालीं ग्रंथाची दुसरीच आवृत्ति ठेवली, तर त्या दुरुस्त्या भलत्याच ओळींवर पडणार. व्हीएमवेअरच्या पद्धतींत यावर पहारा आहे. प्रत्येक व्हीएमडीके डिस्कच्या वर्णनपत्रांत सी. आय्. डी. नांवाची आठ अंकाक्षरांची खूण असते, आणि पुरवणीच्या पत्रांत तिच्या जनक डिस्कची खूण टिपलेली असते. दोन्ही जुळल्या नाहींत, तर यंत्र चालू होण्याचें नाकारतें.

हें पत्र साध्या मजकुराचें असल्यामुळें ती खूण हातानें बदलण्याचा मोह होतो. जनक डिस्क खरोखर बदललेली नसून केवळ खूण बिघडली असेल, तर हा उपाय लागू पडतो. पण डिस्क जुन्या नकलेवरून आणलेली असेल, तर ही युक्ति म्हणजे पहारेकऱ्यास झोंपवून चोरास दार उघडणें आहे. यंत्र चालू होतें, आणि हिशेब आंतून कुजत राहतो. सरळ मार्ग असा, कीं यंत्र बंद करावें, स्नॅपशॉट आधीं निकालांत काढावे, आणि मगच डिस्क बदलावी.

‘फाइल वापरांत आहे’ अशी तक्रार आली, तर बहुधा बॅकअप घेणाऱ्या यंत्रानें ती डिस्क स्वतःस जोडून घेतलेली असते आणि सोडावयाची राहिलेली असते. तेथून ती सोडवावी. मात्र सोडवितांना फाइल पुसण्याच्या पर्यायास चुकूनही हात लावूं नये.

कधीं यंत्र सुरू होतें, पण विंडोज निळ्या पडद्यावर ‘०एक्स७बी’ ही खूण दाखवून थांबतें. याचा अर्थ असा, कीं आरंभाची डिस्क त्यास वाचतां येत नाहीं. पुष्कळदां ती भलत्या जातीच्या कंट्रोलरला जोडलेली असते. पूर्वीचा कंट्रोलर आणि पूर्वीचा क्रमांक दिला, कीं काम भागतें. मूळ डिस्क आणि तिची नक्कल एकाच यंत्रास जोडल्या, तर दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळें विंडोज दुसरीस ‘ऑफलाइन’ ठेवतें. लिनक्सवरील एक्सएफएस तर ती उघडूंच देत नाहीं. येथें डिस्क बिघडलेली नसते, केवळ नांवाचा घोटाळा असतो.

आणखी एक अडचण उशिरां ध्यानांत येते. विंडोजच्या डोमेनमधील संगणक आपला गुप्त परवलीचा शब्द साधारणतः दर ३० दिवसांनीं बदलतो. त्याआधींची मुख्य डिस्क परत आणली, तर यंत्र उत्तम चालतें, पण डोमेन त्यास ओळखीत नाहीं; त्याची ओळख पुन्हा पटवून द्यावी लागते. आणि डिस्क बदलल्यानंतरचा पहिला बॅकअप केवळ बदललेल्या भागांचा न घेतां समग्र घ्यावा, कारण कोणते भाग बदलले याची यंत्राजवळील टिपणवही जुन्याच डिस्कची असते.