ठिपक्यांत उतरलेले घर

एकाच टेबलाभोवती दोघे उभे आहेत, दोघांच्या हातात आपापला फोन आणि दोन्ही पडद्यांवर टेबलावर मांडलेला तोच आभासी बुद्धिबळाचा पट. एकाने प्यादे सरकवले की दुसऱ्यालाही ते त्याच घरात सरकलेले दिसते. ऑगमेंटेड रिअॅलिटीचा हा प्रकार पाहिल्यावर लोकांची दोनपैकी एक समजूत होते. कुणाला वाटते, फोन एकमेकांना खोलीचा व्हिडिओ पाठवत असणार, म्हणजे घरातले सगळे चव्हाट्यावर. कुणी म्हणते, छे, जातात ते नुसते ठिपके, त्यात काय लपवायचे? माझ्या मते ही भीती आणि ही निर्धास्ती दोन्ही चुकीच्या आहेत. फोन जो नकाशा वाटून घेतात त्यात नेमके काय असते, हे न पाहताच त्या तयार झालेल्या असतात.

जीपीएसने हे काम भागेल, हाही एक समज आहे. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या फोनचे जीपीएस सुमारे पाच मीटरने चुकू शकते आणि छताखाली तर त्याचा भरवसाच नाही. पट मात्र टेबलावर सेंटीमीटरच्या हिशेबाने बसला पाहिजे. म्हणून फोन स्वतःच खोलीचा नकाशा तयार करतो. टेबलाचा कोपरा, चटईची नक्षी, पुस्तकाच्या कण्यावरची अक्षरे अशा उठून दिसणाऱ्या जागा कॅमेरा हेरतो. फोन हलतो तशा त्या जागा पडद्यावर किती सरकतात हे पाहून आणि त्याला हालचाल मोजणाऱ्या सेन्सरांची जोड देऊन प्रत्येक बिंदूचे त्रिमितीतले स्थान काढले जाते. पण स्थान एवढेच पुरत नाही. तो बिंदू पुन्हा ओळखता यावा म्हणून त्याच्याभोवतीच्या उजेड-अंधाराचे वर्णन आकड्यांत साठवावे लागते. ‘ओआरबी’ या 2011 सालच्या प्रसिद्ध पद्धतीत हे वर्णन प्रत्येक बिंदूमागे 256 बिटांचे, म्हणजे फक्त 32 बाइटांचे असते. शिवाय प्रत्येक फोनचा शून्यबिंदू वेगळा असतो. अॅप जिथे सुरू केले, तिथून त्याची मोजणी चालू होते. दुसऱ्या फोनने तेच कोपरे पाहिले, पहिल्याच्या नकाशाशी ते जुळवले आणि त्या नकाशात आपण कुठे उभे आहोत हे काढले, की मगच दोघांचा पट एका जागी येतो. नकाशा वाटून घ्यायचा तो यासाठी.

अॅपलने 2018 मध्ये ऑगमेंटेड रिअॅलिटीची अॅप्स बनवण्याच्या आपल्या ‘एआरकिट 2’ या साधनसंचाबरोबर अशा नकाशाची फाइल साठवण्याची आणि दुसऱ्या उपकरणाला देण्याची सोय आणली. त्या फाइलीत बिंदू असतात आणि आभासी वस्तू कुठे टेकवल्या त्याच्या खुणा असतात. खोलीचा व्हिडिओ नसतो. गूगलच्या ‘क्लाउड अँकर्स’ही त्याच वर्षीच्या. तिथे सभोवतालची दृश्य माहिती गूगलच्या सर्व्हरवर जाते आणि तिच्यापासून त्रिमितीय नकाशा बनतो. या खुणा सुरुवातीला 24 तास टिकत. पुढे ती मुदत 365 दिवसांपर्यंत वाढली. म्हणजे व्हिडिओची भीती अनाठायी असली, तरी नकाशा कुणाच्या हाती आणि किती दिवस, हा प्रश्न उरतोच.

आता निर्धास्तीकडे वळू. 2019 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले फ्रान्सेस्को पिटालुगा व संजीव कोप्पल आणि मायक्रोसॉफ्टमधले सिंग बिंग कांग व सुदीप्त सिन्हा यांनी एक शोधनिबंध मांडला. त्यांच्याकडे होते ते विरळ बिंदू आणि त्या बिंदूंची आकड्यांतली वर्णने. एवढ्यावरून त्यांच्या न्यूरल नेटवर्कने मूळ जागेची चित्रे पुन्हा उभी केली, आणि कॅमेऱ्याने जिथून कधी पाहिलेच नव्हते अशा कोनांतूनही. चित्रे हुबेहूब नव्हती, पण जागा ओळखू येत होती. जे 32 बाइट फोनला कोपरा ओळखायला पुरतात, त्यांतच कोपऱ्याचे रूपही शिल्लक असते. ते काढून टाकले तर नकाशा ओळखण्याच्या कामाचा राहत नाही. या तंत्रज्ञानातली खरी अडचण हीच आहे.

यावर कुणी म्हणेल, नकाशा कूटबद्ध करून पाठवावा. जरूर करावा, वाटेत चोरी होणार नाही. पण जुळवणी करणाऱ्या सर्व्हरला तो सहसा उघडूनच वाचावा लागतो. संशोधकांनी याच्या पुढचीही वाट शोधली. 2019 मध्येच प्रत्येक बिंदूऐवजी त्यातून जाणारी एक यादृच्छिक रेषा साठवण्याची युक्ती पुढे आली. बिंदू रेषेवर नेमका कुठे आहे ते कळत नाही, तरी जुळवणी होते. दोनच वर्षांनी कुणाल चेलानी व सहकाऱ्यांनी दाखवले की शेजारशेजारच्या रेषांचा अभ्यास केला तर मूळ बिंदूंचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. दुसरा आक्षेप असा, की सर्व्हर नको, फोनवरून थेट फोनवर द्यावा. हा मार्ग मला अधिक बरा वाटतो. पण तेव्हा अख्खा नकाशा समोरच्याच्या फोनमध्ये जातो, आणि त्याने तो साठवून ठेवला तर परत मागण्याचा उपाय नाही. घरात राहणाऱ्या बाकीच्यांना तर कुणी विचारलेलेही नसते.

एकदा केलेला नकाशा कायमचा आणि सगळीकडे चालतो, हेही खरे नाही. उजेड बदलला, सोफा हलवला, भिंत कोरी पांढरी असली, की ओळख पटेनाशी होते. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर स्पेशियल अँकर्स’ सेवा 20 नोव्हेंबर 2024 रोजी बंद झाली, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या अॅप्सना दुसरी सोय पाहावी लागली. अॅपलच्या नकाशाची फाइल अँड्रॉइड वाचत नाही. ख्रोनोस या तंत्रमानके ठरवणाऱ्या संघटनेने 2025 मध्ये आपल्या ‘ओपनएक्सआर’ या खुल्या मानकात या कामासाठी समान नियम जोडले, पण त्यामुळे अॅप लिहिणाऱ्याची भाषा एक होते, नकाशाची फाइल नव्हे.

मेटाच्या क्वेस्ट हेडसेटमध्ये बिंदूंची माहिती इतरांशी वाटण्याची परवानगी वेगळी आहे, आणि ते योग्यच आहे. कॅमेऱ्याला होकार देणारा माणूस नकाशा बाहेर पाठवायलाही होकार देतो, असे धरून चालणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा तर नकाशाची गरजही नसते. टेबलावर एक छापील चित्र ठेवा. दोन्ही फोन ते ओळखतात, त्याच्या मधोमध आपापला शून्यबिंदू धरतात आणि पट एकाच जागी बसतो. मग फोनांना एकमेकांना कळवावी लागते ती फक्त प्याद्याची चाल. खोलीचा एकही ठिपका बाहेर जात नाही.