रक्त न येणाऱ्या हिरड्या

दसरा झाला की सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पुढचे महिने फडावर जायचे असतात. कोयते, भांडी, पीठमीठ यांच्यासोबत बायकांच्या गाठोड्यात मिश्रीची डबीही न चुकता जाते.

मिश्री घरीच होते. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, ठसका लागतो म्हणून पोरांना बाहेर पिटाळायचं, गार झाली की चुरून पूड करायची. सकाळी उठल्यावर चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळत बसायचं. ‘‘मिश्रीनं दात घट्ट ऱ्हात्यात,’’ ही समजूत आईकडून लेकीकडे आलेली आहे, आणि हिरड्यांचं मोठं नुकसान या समजुतीनेच केलं आहे.

हिरड्यांचा आजार सुरू होतो तो दातावर रोज साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरापासून. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो, आणि तो आल्याची वर्दी देतं ते घासताना येणारं रक्त. तेव्हा रक्त दिसलं म्हणून घासणं सोडू नये. उलट तिथेच हलक्या हाताने नीट घासावं.

तंबाखू ही वर्दीच दाबते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येतं, हे पक्कं माहीत आहे. मिश्रीत तर तंबाखू थेट हिरडीवरच चोळली जाते. जिथे रोज बोट फिरतं तिथली हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, थंड पाणी झोंबतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. गरोदरपणी हिरड्या आधीच हळव्या होतात. त्यात मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते.

जंतूंचा थर साफ झाला नाही की त्याचं टणक किटण बनतं. ते ब्रशने निघत नाही. दात आणि हिरडी यांच्यातली फट निरोगी तोंडात तीन मिलिमीटरपर्यंत असते. ती खोल होत जाते, आत जंतू मुरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार असा गंभीर आजार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे. मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढतो, आणि हिरड्यांतला दाह साखरही आटोक्यात येऊ देत नाही. साखरेची गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने म्हणूनच दात तपासून घ्यावेत.

‘‘दवाखान्यात दात साफ केले की हलतात’’ ही तक्रार मनापासून केलेली असते. किटणाने दोन दातांमधली जागा बुजवलेली असते. ते निघालं की खालची फट उघडी पडते, काही दिवस दात शिवशिवतात, आणि आधीच झिजलेल्या हाडाचा दोष डॉक्टरांवर येतो. खरं तर किटण राहू दिलं तर दात जाण्याची भीती असते.

घासायचं कसं? मऊ ब्रश, दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका धरून, हलक्या गोल हालचालीने, दोन मिनिटं. रात्री झोपताना तर चुकवायचंच नाही. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावून मऊ केली तर वाईट नाही, पण दातांच्या फटीत ती पोचत नाही. तिथे पिन किंवा काडेपेटीची काडी घालू नये. मेडिकलमध्ये त्यासाठी बारीक ब्रश मिळतात.

सांगलीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत उपचार खासगी दवाखान्यापेक्षा सहसा स्वस्त पडतात. टोळी निघण्याआधी एक फेरी मारता आली तर फार बरं. नाही जमलं तर हंगाम संपल्यावर लगेच. मिश्री एकदम सुटत नाही, पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. त्यासाठी १८०० ११ २३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते.