आरशातून आरपार, पान उलटून!

लुईस कॅरलची ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ (1871) मूळ मांडणीत मिळाली, तर एक जागा जरूर पाहा. आरशात शिरणारी ॲलिस आपल्याला पाठमोरी दिसते. पान उलटलं की त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ती आरशातून समोर बाहेर येते. म्हणजे तो कागदच आरसा, आणि ॲलिसला पलीकडे नेतो तो आपला हात! आजच्या कित्येक आवृत्त्यांत ही दोन चित्रं कुठेही टाकलेली असतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

चित्रकार जॉन टेनिएल. 1865च्या पहिल्या ‘ॲलिस’मध्ये त्यांची 42 चित्रं आहेत, लाकडी ठशांवर डॅलझिएल बंधूंनी कोरलेली. छपाई पसंत न पडल्यामुळे टेनिएलनी हरकत घेतली आणि कॅरलनी 2000 प्रतींची ती छपाई मागे घेतली. चित्राचा मान असा!

ॲलिस दिसते कशी, हे कॅरल जवळजवळ सांगतच नाहीत. ग्रिफॉन कसा असतो हे ठाऊक नसेल तर चित्र पाहा, असं ते वाचकाला सरळ सांगतात. उलट उंदराची गोष्ट येते तेव्हा चित्रकार लागतच नाही. अक्षरंच वळत, बारीक होत शेपटी बनतात.