शेतकऱ्याची सत्तरी व सरकारी आरोग्यविमा

नोकरदार मनुष्याचें वय झालें म्हणजे कचेरीच त्यास निरोप देते. निवृत्तिवेतनाचा हिशेब होतो, आणि पुढील औषधपाण्याची कांहीं तजवीज असल्यास तीही त्याच वेळीं त्याच्या कानांवर घातली जाते. शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. तो साठाव्या वर्षीं औत सोडीत नाहीं आणि सत्तराव्या वर्षीं बांधावर जाण्याचें टाकीत नाहीं. त्याला निवृत्त करणारें कोणी नाहीं. त्यामुळें म्हातारपणाच्या आजाराची तरतूद करण्याचा दिवस त्याच्या पंचांगांत कधीं येतच नाहीं. आजार मात्र येतो, आणि मग पैसा उभा करण्यास दावणीचें जनावर किंवा जमिनीचा तुकडा एवढींच साधनें दिसूं लागतात. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें वावर एका आठवड्यांत गहाण पडावें, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं.

ही आपत्ति टाळण्याचा एक मार्ग आज खुला आहे. त्याकडे वाचकांचें लक्ष वेधणें हा या लेखाचा हेतु होय. केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झाली, तेव्हां ती ठराविक गरीब कुटुंबांपुरतीच होती. पुढें ११ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें असें ठरविलें कीं, वयाचीं ७० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, मग त्याचें उत्पन्न कितीही असो, या योजनेंत घ्यावें. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं, धन्वंतरिजयंतीस, त्याचा आरंभ झाला. या वृद्धांस मिळणाऱ्या पत्रास ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ म्हणतात. बागाईतदार असो वा कोरडवाहू, सातबाऱ्यावर जमीन किती आहे हें येथें पाहिलें जात नाहीं. वय तेवढें पाहिलें जातें. हप्ताही भरावा लागत नाहीं.

लाभ काय तो नीट समजून घ्यावा. योजनेंत सामील असलेल्या सरकारी वा खाजगी इस्पितळांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांस वर्षाकांठीं ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतें. पतिपत्नी दोघेंही सत्तरीपुढील असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. ज्यांचें कुटुंब केंद्राच्या या योजनेंत पूर्वीच आहे, त्यांतील वृद्धांस आणखी ५ लाख रुपयांपर्यंतचें निराळें संरक्षण मिळतें. त्यांत घरांतील तरुणांचा वांटा नसतो. जुना आजार आहे म्हणून थांबावें लागत नाहीं. पहिल्या दिवसापासून तो धरला जातो. दाखल होण्यापूर्वींच्या ३ दिवसांचा व घरीं सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्चही यांत येतो. मात्र दाखल न होतां केलेली तपासणी आणि रोजच्या गोळ्या यांचा खर्च यांत नाहीं. ती तरतूद ज्यानें त्यानें करावी. सातारा-कोल्हापुराकडे माजी सैनिक असलेले शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांस सैनिकांची स्वतंत्र आरोग्ययोजना लागू असल्यास दोहोंपैकीं एकच पत्करावी लागते. तेव्हां विचार करून निवड करावी.

आतां मुख्य मुद्दा. अमेरिकेंत १९६५ च्या कायद्यानें वृद्धांकरितां ‘मेडिकेअर’ नांवाचा सरकारी विमा निघाला. तेथें ६५ व्या वर्षाच्या सुमारास नांव नोंदविण्यास ७ महिन्यांची मुदत असते, आणि योग्य कारणावांचून ती चुकविणारास वैद्यकीय सेवेच्या हप्त्यांत दर पूर्ण १२ महिन्यांस शेंकडा १० याप्रमाणें जास्त भरावें लागतें. आमच्या योजनेंत असा दंड नाहीं. ही सवलत चांगली खरी, पण तीमुळेंच आमचा शेतकरी ‘पाहूं पुढें’ म्हणून बसतो. दंड सरकार घेत नसलें तरी अडचणीची वेळ तो घेतल्याशिवाय राहत नाहीं. कारण नोंदणींतील दोष रुग्ण खाटेवर असतां दूर करणें फार कठीण.

हे दोष बहुधा तीन असतात. पहिला जन्मतारखेचा. ज्यांची जन्मनोंद झाली नव्हती, त्यांची तारीख शाळेंत १ जून अशी घातलेली, किंवा आधार कार्ड काढतांना अंदाजानें सांगितलेली असते. खरें वय ७३ असून आधारवर ६८ असेल, तर ६८ च धरलें जातें. तारखेच्या दुरुस्तीस पुरावा लागतो, आणि ती सामान्यतः एकदांच करतां येते. दुसरा दोष आंगठ्याचा. जन्मभर माती व विळा हाताळून बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखीत नाहीं. अशा वेळीं डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या आंकड्यावरून ओळख पटवितां येते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तिसरा दोष मोबाईलचा. आधारला जोडलेला क्रमांक जुना, बंद पडलेला असतो; मग तो आंकडा येतच नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें सत्तरीजवळ आलीं आहेत, त्यांनीं पेरणी आटोपून जरा उसंत मिळतांच त्यांचें आधार कार्ड पाहावें, व दोष असल्यास आधार केंद्रांत जाऊन आधींच दूर करावा. सत्तरी पूर्ण होतांच आयुष्मान ॲपवर किंवा योजनेंतील इस्पितळांत नोंदणी करावी. महाराष्ट्रांत ही योजना राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशीं जोडून चालते. इस्पितळांतील आरोग्यमित्राकडे चौकशी करतां येते. १४५५५ या क्रमांकावरही माहिती मिळते. आईचें कार्ड वडिलांच्या कार्डाइतकेंच अगत्याचें आहे. तिचें नांव सातबाऱ्यावर नसलें तरी या योजनेंत तिचा हक्क स्वतंत्र आहे.

गांवच्या सोसायट्यांनीं पीककर्जाच्या कामाबरोबर वर्षांतून एक दिवस या कामास दिला, तर सभासदांचें मोठें हित होईल. बी घरांत आणून ठेवल्यावरच शेतकरी पावसाची वाट पाहतो. तोच नियम त्यानें म्हातारपणासही लावावा.