शोधनिबंधाची पारख

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरीच्या काठाने काळी, कसदार जमीन पसरली आहे. जिल्ह्यातून बालाघाटाची मुरमाड डोंगररांगही गेली आहे. या डोंगरउतारांवर सीताफळीची झाडे कोणी पाणी न घालता वाढतात, तर काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर तग धरते. झाड पाणी कसे घेते, पानांवाटे किती गमावते, आपले अन्न कोठे व कशापासून तयार करते, या प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्राला वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र म्हणतात.

हे शास्त्र ग्रंथ वाचून शिकता येते, स्वतः प्रयोग करूनही शिकता येते. याखेरीज एक तिसरा मार्ग आहे. मराठवाड्यासाठी १९७२ मध्ये परभणी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे एक महाविद्यालय बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस आहे. अशा कृषी विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना चर्चासत्रात भाग घ्यावा लागतो. एकाने शोधनिबंध वाचून त्यातील विषय सर्वांपुढे मांडावयाचा आणि इतरांनी त्यावर शंका विचारावयाच्या, ही चर्चासत्राची रीत होय. कोणता प्रश्न घेतला, प्रयोग कसा केला, काय आढळले व त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे संशोधक ज्या लेखात सांगतो, तो शोधनिबंध.

छापून आलेल्या लेखावर शंका घेणे योग्य आहे काय, असे तुम्हांस वाटेल. याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते.

आजच्या बेल्जममध्ये सतराव्या शतकात व्हान हेल्मॉण्ट नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली व तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला पाण्याखेरीज काहीही घातले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. मातीचे वजन मात्र अवघे दोन औंस घटले होते. यावरून त्याने ठरविले, की झाडाचे लाकूड, साल व मुळे ही सर्व केवळ पाण्यापासून बनली. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वजने काळजीपूर्वक घेतली होती. मग उणीव कोठे राहिली? इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड याने हा निष्कर्ष पारखून पाहिला. त्याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली. पावसाच्या पाण्यातील रोपांपेक्षा बागेतील माती मिसळलेल्या पाण्यातील रोपे अधिक वाढली. झाडाला मातीतील द्रव्येही लागतात, असे त्याने १६९९ मध्ये मांडले. हेल्मॉण्टने ज्या दोन औंसांना महत्त्व दिले नाही, त्यांतच काही अर्थ असू शकेल, हे यावरून लक्षात येते.

परंतु वुडवर्डच्या हातूनही एक गोष्ट निसटली होती. झाडाभोवतीच्या हवेचा हिशेब दोघांनीही धरला नव्हता. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाउस याने दाखविले, की झाडाचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच हवा शुद्ध करतात. १८०४ मध्ये सोस्यूर याने मोजमापे करून सिद्ध केले, की झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते व त्याबरोबर पाणीही आपल्या शरीरात सामावून घेते. म्हणजे हेल्मॉण्टचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, ते अपुरे होते. शंका विचारणाऱ्यांनी त्याचा प्रयोग पुसून टाकला नाही. तो पुढे नेला.

आता आपल्या मातीतील एक उदाहरण घेऊ. केओलिन नावाची पांढरी माती पाण्यात कालवून पानांवर फवारली, तर ऊन परावर्तित होते व पानांतून उडून जाणारे पाणी कमी होते. समजा, एका निबंधात लिहिले आहे, की अशा फवारणीने ज्वारीचे उत्पन्न वाढले. तो ऐकताना कोणते प्रश्न विचाराल? शेजारीच फवारणी न केलेली ज्वारी तुलनेसाठी ठेवली होती काय? दोन्हींकडील जमीन सारखीच खोल होती काय? प्रयोग किती ठिकाणी व किती हंगाम केला? पाने हिरवी दिसली म्हणून उत्पन्न वाढले असे मानले, की कणसांतील दाणे प्रत्यक्ष तोलले? आणि गोदाकाठच्या काळ्या जमिनीत जे घडले, ते बालाघाटाच्या मुरमाड उतारावरही घडेलच, असे कशावरून?

हे प्रश्न केवळ वर्गापुरते नाहीत. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात घाईने काढलेल्या निष्कर्षावर विसंबून शेतकऱ्याने पैसा खर्चला, तर त्याचा एक हंगाम वाया जातो, आणि गेलेला हंगाम परत येत नाही.

मात्र शंका कशी विचारावी, यालाही मर्यादा आहे. ती निबंधावर घ्यावी, निबंध लिहिणाऱ्यावर घेऊ नये. आधी त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे, त्यातील चांगले ते मान्य करावे व मगच उणीव दाखवावी. निबंध मांडणाऱ्यानेही रागावू नये. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. उत्तर न सापडलेला प्रश्न हाच पुष्कळदा पुढील प्रयोगाचा आरंभ असतो.